जुन्नरच्या कातळावरची देणगीदारांची यादी

थ्रेड.

जुन्नर किंवा आंबेगाव तालुक्यातल्या कोणत्याही गावच्या देवळात गेलात, तर सभामंडपाच्या भिंतीत बसवलेली एक संगमरवरी फरशी बहुधा दिसेल. वर ठळक अक्षरांत ‘देणगीदारांची यादी’, खाली नावे आणि नावांपुढे रकमा. पायरीवर, बाकड्यावर, पाण्याच्या टाकीवरही ‘अमुक यांच्या स्मरणार्थ’ असे कोरलेले असते. काही ठिकाणी छताच्या पंख्यावरदेखील देणाऱ्याचे नाव रंगवलेले आढळते. पंखा फिरू लागला की ते वाचता येत नाही, ही गोष्ट वेगळी.

या प्रथेची सर्वांत जुनी पाने याच परिसरात, शिवनेरी, लेण्याद्री, तुळजा आणि मानमोडी या डोंगरांच्या कातळावर लिहिलेली आहेत. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या त्या नोंदींतही नाव, गाव, व्यवसाय आणि दिलेली वस्तू एवढाच मजकूर सापडतो. एका मोठ्या समुदायाने आपल्या सदस्यांना ओळख कशी दिली आणि देत राहण्याची इच्छा त्यांच्यात कशी टिकवली, याचा इतका सलग पुरावा महाराष्ट्रात फार थोड्या ठिकाणी उपलब्ध आहे.

आधी अडचण काय होती, ते पाहू. बौद्ध भिक्षू शेती करत नसत आणि व्यापारही करत नसत. पावसाळ्याचे महिने एका जागी राहण्याचा त्यांचा नियम होता. त्यासाठी निवारा हवा, पिण्याचे पाणी हवे, जेवायला बसण्याची जागा हवी, अंगावर वस्त्र हवे. कातळ फोडून हे सारे उभे करणे वर्षानुवर्षांचे काम होते, आणि ते पूर्ण झाल्यावरही खर्च थांबत नसे. एखाद्या राजाने एकदाच मोठी रक्कम दिली आणि प्रश्न सुटला, असे होण्यासारखे नव्हते. देणारे पुष्कळ असावेत आणि त्यांनी पिढ्यानपिढ्या देत राहावे, अशी व्यवस्था आवश्यक होती.

जुन्नर हे त्या दृष्टीने सोयीचे नगर होते. कोकणातल्या कल्याण बंदराकडून येणारा माल नाणेघाट चढून वर आला की घाटमाथ्यावरची पहिली मोठी बाजारपेठ हीच. व्यापारी, कारागीर, राजांचे अधिकारी आणि दूरदेशीचे लोक येथे ये-जा करत. इसवी सनापूर्वीच्या शेवटच्या दोन शतकांपासून इसवी सनाच्या तिसऱ्या शतकापर्यंत या नगराभोवतीच्या डोंगरांत दीडशेहून अधिक लेणी खोदली गेली. त्यांत ब्राह्मी लिपीतले आणि प्राकृत भाषेतले तीसहून अधिक लेख आहेत. त्यांपैकी बहुतेक एका-दोन ओळींचे आहेत.

या लेखांत एक शब्द पुन्हा पुन्हा येतो : ‘देयधम’, म्हणजे देयधर्म, धर्मार्थ दिलेली देणगी. त्याच्या आगेमागे नाव आणि वस्तू येते. ‘पोढी’ म्हणजे पाण्याचे खोदीव टाके, ‘गभ’ म्हणजे निवासाची खोली, ‘मटप’ म्हणजे मंडप, ‘चेतियघर’ म्हणजे चैत्यगृह. एवढी शब्दसंपत्ती माहीत असली की जुन्नरचे अर्धे लेख ढोबळमानाने उलगडतात.

या यादीतच त्या व्यवस्थेचे मर्म दडलेले आहे. संपूर्ण विहार देण्याची ऐपत असणारे लोक मोजकेच असतात. टाके देण्याची ऐपत मात्र पुष्कळांची असते. काम लहान लहान घटकांत विभागले, आणि प्रत्येक घटकाला स्वतंत्र नाव लावण्याची सोय ठेवली, की मध्यम उत्पन्नाच्या माणसालाही आपली म्हणता येईल अशी एक वस्तू मिळते. ते टाके, ती खोली त्याची. निधीत मिसळून गेलेल्या पैशाला चेहरा नसतो, टाक्याला असतो.

शिवनेरीच्या कातळात दोन टाक्यांचा असा एक दाता नोंदलेला आहे. त्याचे नाव इरिल, आणि नावाआधी शब्द आहे ‘यवन’. त्याच डोंगरावर चित नावाच्या दुसऱ्या यवनाने संघाला भोजनमंडप दिला. दोघांच्याही नावांशी ‘गतानं’ असा शब्द जोडलेला आहे. तो कुळाचा, प्रदेशाचा की आणखी कशाचा निदर्शक आहे, यावर अभ्यासकांनी बरेच तर्क लढवले. एका युरोपीय विद्वानाने तर या ‘गतां’चा संबंध थेट गॉथ टोळ्यांशी जोडून पाहिला. ही कल्पना फारशी कोणी उचलून धरली नाही, आणि ते योग्यच झाले.

‘यवन’ हा शब्द मुळात आयोनियन ग्रीकांसाठीचा. पुढे पश्चिमेकडून आलेल्या परकीयांसाठी तो सैलपणे वापरला जाऊ लागला. येथे महत्त्वाचे हे, की इरिलच्या ओळीची घडण इतर कोणत्याही दात्याच्या ओळीसारखीच आहे. भाषा तीच, लिपी तीच, शब्दांचा क्रमही तोच. परका म्हणून त्याला वेगळ्या कोपऱ्यात बसवलेले नाही, आणि परका असूनही दिले म्हणून विशेष कौतुकही केलेले नाही. त्याचे यवनपण लपवलेले नाही एवढेच. बाहेरून आलेल्या माणसाला समुदायात सामावून घेण्याचा याहून संयत मार्ग कल्पिणे कठीण आहे.

लेण्याद्रीवर, आज गिरिजात्मज गणपतीच्या दर्शनाला जाणारे लोक ज्या लेण्याला वळसा घालून पुढे जातात, ते सहाव्या क्रमांकाचे लेणे हे चैत्यगृह आहे. शेजारचे सातवे लेणे, जेथे आता गणपतीचे स्थान आहे, तो मुळात भिक्षूंच्या खोल्यांचा मोठा विहार होता. चैत्यगृहाच्या दर्शनी भागावर दात्याची ओळ कोरलेली आहे : कल्याणचा सुलसदत, हेरणिकाचा पुत्र. हेरणिक म्हणजे सोन्याचा व्यवहार करणारा, सोनार किंवा कोषाधिकारी. चैत्यगृह ही मोठीच देणगी. पण तिची नोंद तेवढ्याच आटोपशीर शब्दांत होते. पिता, गाव, नाव, वस्तू. त्या डोंगराखालच्या नगरात कल्याणच्या माणसाची ओळख टिकून राहिली, ती अशी.

टाके देणाऱ्याची ओळ आणि चैत्यगृह देणाऱ्याची ओळ यांची लांबी जवळपास सारखीच आहे. देणगी शंभरपट मोठी, म्हणून अक्षरे शंभरपट मोठी, असा हिशेब येथे दिसत नाही. आजच्या फरशीवर पाच हजारांच्या खालच्या नावांना जागा नाही, असा नियम अनेक ठिकाणी असतो. जुन्नरच्या संघाने तो केला असता, तर इरिलचे नाव आपल्याला ठाऊक झाले नसते.

अर्थात एकट्यादुकट्या माणसांपुरतीच ही गोष्ट नव्हती. धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीने, लेखातल्या शब्दांत ‘धंञिकसेणी’ने, सात खोल्यांचे लेणे आणि एक पोढी दिली. श्रेणी म्हणजे एका व्यवसायातल्या लोकांची संघटना. या लेखात कोणा एका व्यक्तीचे नाव नाही. पेठेतल्या सगळ्या धान्यव्यापाऱ्यांचे मिळून एकच नाव आहे. दोघांनी मिळून दिलेल्या देणगीचेही उदाहरण जुन्नरला आहे. मुधकिय मल आणि गोलिकिय आनद या दोघांनी ‘उपठाण’ म्हणजे बैठकीची शाळा दिली, आणि देणगी ‘दोघां जणांची’ असल्याचे लेख स्पष्ट करतो. भागीदारीतला वाटा अंधारात राहू नये, ही काळजी दोन हजार वर्षांपूर्वीही घेतली जात होती.

खोदकाम झाल्यानंतरच्या खर्चाची सोय कशी होत असे? येथे श्रेणींची दुसरी बाजू दिसते. त्या पतपेढीचेही काम करत. मानमोडीच्या लेण्यांत दानाच्या तपशिलांचे काही लेख आहेत. अडुथुम नावाचा एक शक उपासक कोणाचिक श्रेणीच्या संदर्भात दोन जमिनींची नोंद करतो : वडालिका येथील वीस निवर्तने करंजाच्या झाडांसाठी आणि कटपुतक येथील नऊ निवर्तने वडाच्या झाडांसाठी. आणखी एका लेखात बांबूकाम करणाऱ्यांची श्रेणी आणि कासारांची श्रेणी यांच्याकडून यावयाचे मासिक आकडे पावणेदोन आणि पाव असे दिलेले आहेत. पावाचा हिशेबही दगडात कोरावा, असे कोणाला तरी वाटले. त्यामागे निव्वळ पुण्याची भावना असेल असे समजणे भाबडेपणाचे ठरेल. सर्वांच्या नजरेसमोर कोरलेला आकडा श्रेणीच्या पुढच्या पिढीला सहजासहजी नाकारता येत नाही. गौरव आणि बांधिलकी एकाच ओळीत साधली जाते.

नाशिकच्या लेण्यांत हीच पद्धत अधिक तपशिलाने वाचता येते. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने गोवर्धन येथील विणकरांच्या श्रेणींकडे ३००० कार्षापण कायमची ठेव म्हणून ठेवले : २००० दरमहा शेकडा एक दराने आणि १००० शेकडा पाऊण दराने. दोन हजारांच्या व्याजातून वर्षावासातल्या वीस भिक्षूंना वस्त्रासाठी प्रत्येकी १२ कार्षापण द्यावयाचे होते. हिशेब करून पाहा : २४० हे व्याज आणि २४० हाच खर्च. मुद्दल शाबूत. तिला ‘अखयनिवी’, न संपणारी ठेव, म्हणत. ठेव अक्षय, म्हणून देणेही अक्षय, आणि म्हणून देणाऱ्याचे नावही.

आता याच्या शेजारी नाणेघाट ठेवून पाहावा. घाटाच्या माथ्याशी असलेल्या गुहेच्या भिंतींवर सातवाहन राणी नागनिकेशी जोडला जाणारा मोठा लेख आहे. त्यात केलेल्या यज्ञांची आणि दिलेल्या दक्षिणांची नामावळी येते : गाई, घोडे, हत्ती, गावे, कार्षापणे, आणि आकडे हजारांच्या घरातले. ही राजघराण्याची देणगीदार-यादी आहे, आणि तिचा सूर जुन्नरच्या इतर यादीपेक्षा पार वेगळा आहे. जकातीच्या वाटेवर, येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला वैभव जाणवावे, हा तिचा हेतू उघड आहे. मागच्या भिंतीवर राजघराण्यातल्या व्यक्तींच्या प्रतिमा कोरलेल्या होत्या आणि प्रत्येकीच्या डोक्यावर नाव होते : सिमुक सातवाहन, देवी नायनिका आणि राजा सातकणी, कुमार भाय, महारठी त्रणकयिर, कुमार हकुसिरी, कुमार सातवाहन. त्या प्रतिमा नष्ट झाल्या. पायांचे अवशेष आणि वरची नावे तेवढी राहिली. अभ्यासकांनी सातवाहनांची वंशावळ लावताना ज्याचा आधार घेतला, त्या नामपट्ट्या म्हणजे मुळात चित्राखालचे, किंबहुना चित्रावरचे, मथळे होते.

येथे एक प्रश्न विचारला पाहिजे. ही नावे वाचणार कोण होते? ब्राह्मी वाचता येणारे लोक त्या काळीही थोडेच असावेत. काही लेख उंचावर, काही अंधाऱ्या कोपऱ्यात आहेत. केवळ लोकांनी वाचून वाहवा करावी, एवढाच उद्देश असता तर जागा वेगळ्या निवडल्या गेल्या असत्या. ग्रेगरी शॉपेन या अभ्यासकाने भारतीय बौद्ध स्थळांबाबत मांडलेले मत येथे उपयोगी पडते. स्तूपाजवळ कोरलेले नाव हे त्या माणसाचे तेथील सान्निध्यच मानले जात असावे. नाव वाचले गेले नाही, तरी ते तेथे ‘असते’. हे मान्य केले तर जुन्नरच्या ओळींचा अर्थ बदलतो. कल्याणला परत गेलेला सुलसदत आपल्या नावाच्या रूपाने लेण्याद्रीवर स्तूपासमोर उभाच राहतो. ओळख म्हणजे टाळ्या नव्हेत, जागा. असा तो विचार होता.

वीरसेनक नावाच्या प्रमुख गृहपतीने जुन्नरला चैत्यगृह दिले, तेव्हा लेखात त्याने आणखी दोन-तीन शब्दांची भर घातली. ही देणगी ‘सवलोकहितसुखाय’, सर्व लोकांच्या हितासाठी आणि सुखासाठी. नाव स्वतःचे, फळ सर्वांचे. स्वतःचा उल्लेख आणि निःस्वार्थ यांत विरोध आहे, असे त्या माणसाला वाटत नव्हते. आज गुप्तदानाला अधिक श्रेष्ठ मानण्याची रीत आहे. संघाची दृष्टी व्यवहाराची होती : नाव दिसले की शेजाऱ्यालाही द्यावेसे वाटते.

या यादीत काही लोक मात्र नाहीत. कातळ प्रत्यक्ष फोडणारे हात कोणाचे, हे जुन्नरचे लेख सांगत नाहीत. हे सर्वत्र असेच होते असे नाही. कार्ल्याच्या चैत्यगृहाच्या दर्शनी भागात धेनुकाकट येथील सिंहदत्त या गंधिकाने, म्हणजे सुगंधी द्रव्यांच्या व्यापाऱ्याने, दिलेल्या द्वाराची नोंद आहे; आणि तेथेच द्वार घडवणाऱ्या सामी या सुताराचेही नाव आहे. पितळखोऱ्याच्या यक्षमूर्तीवर ती घडवणाऱ्या कण्हदास या सोनाराचे नाव आहे. कोंडाण्याच्या लेण्यात कण्हाचा शिष्य बलक आपले काम नावानिशी सांगतो. मध्य प्रदेशात सांचीच्या दक्षिण तोरणावर विदिशेच्या हस्तिदंत-कारागिरांनी कोरीवकाम केल्याची नोंद प्रसिद्धच आहे. म्हणजे घडवणाऱ्याला श्रेय देण्याची कल्पना त्या जगात अज्ञात नव्हती. जुन्नरला एवढी लेणी खोदली गेली. टाके देणाऱ्याचे नाव राहिले, टाके खोदणाऱ्याचे नाही. तुळजा लेण्यातले वर्तुळाकार चैत्यगृह पाहताना ही उणीव विशेष जाणवते. स्तूपाभोवती बारा अष्टकोनी खांब अचूक वर्तुळात उभे आहेत. अखंड कातळातून हे वर्तुळ ज्याने काढले, तो आपल्या कामात निष्णात होता, यापलीकडे त्याच्याविषयी काहीही म्हणता येत नाही.

सत्ताबदल झाला तेव्हा या नावांचे काय झाले, हेही पाहण्यासारखे आहे. मानमोडीवर अयम या वत्सगोत्री अमात्याचा लेख आहे. महाक्षत्रप स्वामी नहपानाचा हा अमात्य. त्याने पोढी आणि मंडप दिला आणि वर्ष घातले ४६. हे वर्ष शक संवताचे मानले तर इसवी सन १२४ च्या आसपासचा काळ येतो. त्यानंतर थोड्याच अवधीत गौतमीपुत्र सातकर्णीने नहपानाच्या क्षहरात घराण्याची सत्ता मोडून काढली. आपल्या पुत्राने क्षहरात वंश निःशेष केला, असे त्याच्या आईने, गौतमी बलश्रीने, नाशिकच्या लेखात अभिमानाने नोंदवले आहे. जोगळटेंभीला १९०६ साली सापडलेल्या नाणेसाठ्यात तेरा हजारांहून अधिक चांदीची नाणी होती. त्यांपैकी बहुसंख्य नहपानाच्या नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला ठसा पुन्हा उमटवलेला होता. पराभूत राजाचे नाव नाण्यांवरून पुसण्याचा हा पद्धतशीर उद्योग होता.

मानमोडीच्या कातळावर मात्र ‘महाक्षत्रप’ आणि ‘नहपान’ ही अक्षरे तशीच राहिली. छिन्नीचे चार घाव पुरले असते. ते घातले गेले नाहीत, कारण ती ओळ राजाची प्रशस्ती म्हणून वाचली जात नव्हती. ती संघाच्या वहीतली नोंद होती, आणि संघाच्या वहीतली नावे राजे बदलले म्हणून खोडायची नसतात, असा संकेत असावा. हा तर्क आहे. पण लेख शाबूत आहे, ही वस्तुस्थिती.

लेण्यांच्या भिंतींवर आज आणखी एक यादी वाढते आहे. बाण घुसलेले बदाम, जोडप्यांची आद्याक्षरे, गावाचे नाव, सहलीची तारीख. त्यांतही नाव आहे, गाव आहे, क्वचित वर्षही आहे. फक्त ‘देयधम’ हा शब्द नाही, आणि दिलेली वस्तू नाही. आपले नाव कातळावर राहावे, ही इच्छा इरिलचीही होती. त्याने त्यासाठी आधी पाण्याची दोन टाकी दिली.

मानमोडीच्या भूतलिंग गटातले चैत्यगृह ज्यांना पाहायचे असेल, त्यांनी दर्शनी कमानीकडे सावकाश पाहावे. मोठ्या अर्धवर्तुळात कमळाच्या पाकळ्या आहेत आणि मध्यभागी गजलक्ष्मी आहे. चंद नावाच्या यवनाने दिलेल्या ‘गभदारा’ची, म्हणजे या दर्शनी द्वाराची, नोंद येथेच आहे. आतले चैत्यगृह पूर्ण झालेच नाही. काम मध्येच थांबले. चंदाने आपला वाटा दिला होता, आणि त्याची नोंद झालेली आहे.